गुंडाळायचा राहिलेला रोल

नाही, रागावले नाहीये मी, फक्त सांगतेय... पण तुम्हीच बघा, ज्या माणसानं आपल्याला धीर धरायला शिकवलं, त्यानंच... जाऊ दे. मामाच म्हणाला होता, घाई नाही करायची.

कॅमेरा मामाचाच, जुना, रोलवाला. "हे तुमच्या मोबाइलसारखं नाही, काढला की बघितला," असं मान डोलवत सांगायचा, जणू कॅमेऱ्याचा शोध यानंच लावलाय. आणि तुम्हाला सांगते, मला ते आवडायलाच लागलं हो. कुणी 'दाखव, दाखव' करत नाही, कुणी 'पुसून टाक' म्हणत नाही. उजेड बघायचा, थांबायचं, खट्ट... मग पुढचा फोटो कशाचा, यावर आठवडाभर विचार करायचा. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या मुलीला अजून काय हवं? घाई नाही करायची.

आणि शेवटचा फोटो ताईचा. पुढचा एक दात तिरका म्हणून ती प्रत्येक फोटोत तोंडावर हात धरते. परवा नोकरीसाठी दूर निघाली, तर बॅगेवर बसून चेन ओढत होती, चेन लागली आणि ही बॅगेसकट आडवी, आणि अशी हसली... दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यांत अडकलेले, दात मोकळा. खट्ट. असा फोटो आमच्याकडे एकही नाही.

रोल उलटा त्याच्या डबीत गुंडाळायचा राहिला, कारण तिला खालपर्यंत सोडायला गेले. परत येते तर मामा खिडकीत उभा, भर उन्हात, कॅमेऱ्याचं मागचं झाकण सताड उघडं. धावत जाऊन मी ते लावलं. तर म्हणतो कसा, "अगं, मला वाटलं तू गुंडाळलास. म्हटलं, दुकान बंद व्हायच्या आत देऊन येऊ, आजच धुऊन मिळेल."

आजच! मामाच म्हणाला होता ना, घाई नाही करायची?

दुकानातल्या काकांनी समजावून सांगितलं. शेवटी काढलेले फोटो गुंडाळीत सगळ्यांत वर असतात, ऊन आधी त्यांना खातं. ताई गेली. एकच वाचला, सगळ्यांत आतला, म्हणजे पहिला, हात बसावा म्हणून काढलेला... मामाचा. ऐन जांभईत.

मामानं तो जवळून बघितला, लांबून बघितला, केसांवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "मोठा करून मिळेल का गं?"

मिळाला. ताईच्या पलंगावरची भिंत मोकळीच होती म्हणे. खिळा मामानं ठोकला... स्टूल मी धरलं.