हॉलमध्ये घेतलेली गॅलरी

सन्माननीय अध्यक्ष दशरथराव, व्यासपीठावरचे आपले वास्तुविशारद नीरजजी, सत्कारमूर्ती हरिश्चंद्रभाऊ, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी उर्मिलावहिनी, आणि घर रिकामं करायची नोटीस खिशात घेऊन मीरा रोडभर भाड्याची जागा शोधत फिरणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो,

बावीस वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला आज आपण शाल घातली. भाऊ नव्या टॉवरमधला हक्क सोडून कायमचे लांज्याला निघालेत. का? कुणी मोठ्यानं विचारत नाही, म्हणून मी विचारतो.

वहिनींना तीन वर्षांपासून फारसं आठवत नाही. दुपारी त्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठडा धरून फिरतात आणि स्वतःचं दार विसरतात. मग शेजारच्या हंसाबेन आतून हाक मारतात, "उर्मिलाबेन, इधर नहीं, आगे! पहले चाय पीके जाओ." राई गावाहून मासळी घेऊन येणारी आशा टोपली खाली ठेवून हात धरते, "वयनी, तुमचा घर मागं ऱ्हायला गो!" कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलंय हे औषध? पाच फुटांची गॅलरी आणि दहा उघडी दारं. वास्तुकला म्हणतात ती ही, मंडळी! रस्त्यावरून दिसणारी काच नव्हे.

नव्या नकाशात ही गॅलरी नाही. बिल्डरला शिव्या देऊ नका. पुनर्विकासाच्या सभेत नीरजजींनी पडद्यावर टॉवर फिरवून दाखवला. कारंजं, योगा डेक, सगळं. मी विचारलं, "गॅलरी कुठाय?"

"काका, ती तुमच्या हॉलमध्ये घेतली ना! प्रत्येकाला चाळीस फूट जास्त."

टाळ्या पडल्या. हात वर झाले. मी तर दोन्ही केले, दुसरा धाकट्या भावाच्या घरासाठी. नगररचनेवरची कपाटभर पुस्तकं वाचलेला मी, मला एक नकाशा वाचता आला नाही. आणि हात मोजत कोण होतं? हरिश्चंद्रभाऊ. स्वतःचा वर धरून.

घरी नकाशा पसरल्यावर त्यांना दिसलं. दार उघडलं की समोर लिफ्ट, वर बावीस मजले. परवा मला म्हणाले, "अरे, ती कुठलंही बटण दाबेल. कुठे शोधू? कडी लावून कोंडू का तिला?"

तुमच्याकडे आहे याचं उत्तर? आज वहिनी आहेत. उद्या तुमची आई, परवा तुम्ही. बंद दाराआड पडलात, तर किती दिवसांनी कळेल?

नीरजजी, मान खाली घालू नका. काल तुम्हीच म्हणालात, "चाळीसही घरांनी जागा परत देतो असं लिहून दिलं, तर टॉवरमधल्या आपल्या दहा मजल्यांवर गॅलरी काढून देतो. एकोणचाळीस चालणार नाहीत." सोमवारी नकाशा महापालिकेत जातोय. आज शनिवार आहे.

आपण सगळे आलात, आपल्या वॉचमन सूरजनं एकट्यानं खुर्च्या मांडल्या, सर्वांचा ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी मन दुखेल असं बोललो, ते आपला समजून पोटात घाला. पण कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. दोन सह्या झाल्यात, माझी आणि माझ्या भावाची. उरलेल्या अडतीस घरांनो, जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी सही करा.

भाऊ, तुम्हीसुद्धा; हक्क सोडल्याचा कागद अजून व्हायचाय. तुमची नसेल, तर एकोणचाळीसच होतात.