क्रेनवालीचा होकार

डॉक्टर : मग मावशी, ही नसलेली माणसं तुम्हाला रोज दिसतात, की अधूनमधून?

क्रेनवाली : कुठली माणसं?

डॉक्टर : घरच्यांसाठी फॉर्म दिला होता ना, त्यात तुमच्या भावानं लिहिलंय. रिकाम्या खुर्चीशी बोलता. गॅस बंद करायला विसरता. महिन्यात दोनदा घरचा रस्ता चुकलात.

क्रेनवाली : बाळ्या?

भाऊ : ताई, हे आपण घरी बोलू.

क्रेनवाली : घरी कशाला? खुर्ची इथेही आहे. बस तिच्यावर आणि बोल. रस्ता चुकले म्हणे! उंबऱ्यापाशीच पाय चिकटतात माझे, मी चुकायला जाऊ कुठे?

डॉक्टर : मावशी, ज्यांना भास होतात, ज्यांची स्मरणशक्ती ढासळलेली असते, त्यांच्यावर मी कंपवातासाठीचं हे मेंदूचं ऑपरेशन करत नाही. फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो. या कागदावरून मी तुम्हाला आज नाही म्हणणार होते.

क्रेनवाली : म्हणूनच लिहिलंय त्यानं.

भाऊ : हो, म्हणूनच. खोटं लिहिलं, डॉक्टर. सगळं खोटं. बत्तीस वर्षं शाळेत पेपर तपासले, कॉपी करणाऱ्या एकालाही सोडलं नाही, आणि या वयात स्वतः...

क्रेनवाली : लाज वाटते का?

भाऊ : वाटते. पण पुन्हा फॉर्म दिला तर पुन्हा तेच लिहीन. जागेपणी कवटीला भोकं पाडणार आहेत तुझ्या! एक नाही, दोन. शंभरात एखाद-दुसऱ्याला मेंदूत रक्तस्राव होतो, हे यांनीच सांगितलंय. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, ताई. तेव्हापासून मला तूच आहेस. मी कसा हो म्हणू?

क्रेनवाली : तुला विचारलंय कोणी? कवटी माझी, सही माझी.

भाऊ : पण पंप आहे ना! पोटातून नळी घालून औषध सतत आतड्यात सोडायचं. डोक्याला हात लावायचं कारणच नाही. सांगा ना हिला, डॉक्टर.

डॉक्टर : तो पर्याय आहे, आणि काहींना तोच बरा पडतो. पोटाला लहानसं छिद्र, कमरेला पंप, रोज औषध भरायचं. नळी कधी तुंबते, कधी सरकते. ते सांभाळायला घरात कोणीतरी लागतं.

क्रेनवाली : म्हणजे पुन्हा हाच. बटणं हा लावतो, केस हा विंचरतो, घास हा भरवतो. डॉक्टर, सव्वीस वर्षं मी बंदरात क्रेन चालवली. चाळीस मीटर उंचावर, केबिनमध्ये एकटी. तीस टनांचा डबा ट्रकवर असा ठेवायचे, की ड्रायव्हरच्या पेल्यातला चहा हलत नसे. आज चमचा तोंडापर्यंत न्यायचा तर निम्मं मांडीवर सांडतं.

भाऊ : मी कधी कुरकुर केली?

क्रेनवाली : नाही केलीस, तीच तर पंचाईत आहे! केली असतीस तर कडाकडा भांडले तरी असते.

डॉक्टर : मावशी, शंभरातून सात वजा करा. मग आणखी सात. करत राहा.

क्रेनवाली : त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट... थांबू, की शून्याच्या खाली जाऊ?

डॉक्टर : पुरे. सविस्तर चाचणी मानसतज्ज्ञ घेतील, त्या म्हणतील ते खरं. आता माझं ऐका. यानं रोग जाणार नाही. मेंदूत दोन तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी. गोळी लागू पडल्यावर तुम्ही जशा असता, साधारण तशाच दिवसातला जास्त वेळ राहाल, एवढी माझी अपेक्षा. उंबऱ्यापाशी पाय चिकटतात ते गोळी घेतल्यावरही?

क्रेनवाली : गोळी लागू पडली की सुटतात. पण टिकते कुठे? दिवसाला सात वेळा गोळ्या. तासभर माणूस, तासभर लाकूड, आणि मधेच अंग असं वळवळतं की गांडुळानं लाजावं.

डॉक्टर : ते बरंच कमी होऊ शकतं. पण बोलणं बिघडू शकतं. काहींची जीभ जड होते.

भाऊ : ऐकलंस?

क्रेनवाली : ऐकलं. माझी जीभ जड झाली तर सगळ्यात आधी तुझी सुटका होईल.

भाऊ : चेष्टा करू नकोस गं.

क्रेनवाली : बरं, नाही करत. तुला सायकल शिकवली, तेव्हा पडशील म्हणून मी ती कुलपात घातली नव्हती. गुडघे फुटले, ते बांधले. आता माझी पाळी आली, तर तू मलाच कुलपात घालतोस? तेही खोट्या कागदाचं कुलूप?

भाऊ : गुडघा फुटणं वेगळं...

क्रेनवाली : वेगळं आहेच. तरी मला ते हवंय. डॉक्टर, तो फॉर्म फाडा.

डॉक्टर : फाडता येत नाही. ज्यांनी भरला, त्यांना दुरुस्त करता येईल.

क्रेनवाली : मग काढ लाल पेन, मास्तर. चुकलेल्या उत्तरांवर काट मार.

भाऊ : ताई... हात थरथरतोय माझा.

क्रेनवाली : थरथरू दे. माझा थरथरायला लागून अकरा वर्षं झाली.

(दोन महिन्यांनी. ऑपरेशन थिएटर. क्रेनवाली टेबलावर जागी आहे. डोकं धातूच्या चौकटीत घट्ट बसवलेलं. कालपासून एकही गोळी दिलेली नाही.)

डॉक्टर : मावशी, दुखतंय का?

क्रेनवाली : चौकट... टोचते. तुमचं ड्रिल... रस्ता खणल्यासारखं वाजलं.

डॉक्टर : तो भाग संपला. तार जागेवर आहे. आता अगदी हलका प्रवाह सोडते. उजवा हात वर धरा. मूठ उघडा, मिटा.

क्रेनवाली : उघडत... नाही.

डॉक्टर : घाई नाही. वाढवते. वार उलटे म्हणत राहा.

क्रेनवाली : रविवार... शनिवार... शुक्क... शुक्क...

डॉक्टर : जीभ अडखळली. थांबा, कमी करून दुसरीकडून देते. हं, म्हणा.

क्रेनवाली : शुक्रवार, गुरुवार, बुधवार, मंगळवार, सोमवार. डॉक्टर, हात कोणी धरलाय माझा?

डॉक्टर : कोणीच नाही.

क्रेनवाली : मग आपोआप थरथरत का नाही?

डॉक्टर : थरथर थांबली म्हणून. आता तुम्ही हलवाल तेव्हाच हलेल. हलवा. अंगठ्याला बोट टेकवा, भराभर. आणखी. अरे वा!

क्रेनवाली : दिसत नाही मला. पण कळतंय. खांद्यापासून कळतंय.

डॉक्टर : एवढ्यावर हुरळून जाऊ नका. रोजचा प्रवाह किती ठेवायचा, ते बसवायला कित्येक महिने लागतील. पडणं-झडणं राहीलच थोडंफार.

क्रेनवाली : राहू दे. पडायला आधी उठावं लागतं.

डॉक्टर : चार तास झाले, मावशी. दमला असाल तर दुसरी बाजू पुन्हा कधीतरी करू.

क्रेनवाली : दमलं कोण? तुम्ही?

डॉक्टर : मी नाही. तुमचे भाऊ मात्र सकाळपासून दाराबाहेर उभे आहेत. बसा म्हटलं तरी बसत नाहीत. सिस्टर निघाल्याच आहेत, काय निरोप देऊ?

क्रेनवाली : म्हणावं, काहीतरी खाऊन घे. दुसरी बाजू अजून बाकी आहे.