श्वासातला वास

लक्ष्मणकाकांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

एका प्रश्नापासून सुरुवात करते. तीन आठवड्यांपूर्वी लक्ष्मणकाका मला म्हणाले होते, "आज वास आलाच नाय." आणि मी म्हणाले, "छान, काका." मी 'छान' का म्हणाले?

मला बोलायला लावू नका, असं मी काकींना दोनदा सांगितलं होतं. काकी म्हणाल्या, "तूच बोल. त्यांना श्वासाचं तूच शिकवलंस." त्या सहज बोलून गेल्या.

तुमच्यातले बरेच जण रविवारी याच समाजमंदिरात माझ्याकडे यायचे. कॉलेजच्या शिबिरात मी ध्यान शिकले, तेच इथे शिकवत होते. काका पहिल्या दिवशी आले, पाच मिनिटं बसले आणि गुडघे धरून उठले. "बसायचं काय जमत नाय गो. काम करता करता चालंल काय?"

मी म्हणाले, चालेल. डबा धुताना, बसची वाट बघताना, जिना चढताना श्वास लक्षात राहिला, तर तेच ध्यान. श्वास बदलायचा नाही. आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच जाणायचं.

काकांनी ते जसं उचललं तसं कुणीच उचललं नाही. मीही नाही. काकी सांगतात, कांदा चिरतानासुद्धा ते मध्येच थांबायचे. कंपनीच्या बसथांब्यावर डोळे उघडे ठेवून श्वास बघत उभे राहायचे. बरोबरची मुलं चिडवायची, "क्या चाचा, पंप चालू है?" काका म्हणायचे, "तेरा भी चालू है. बस, तेरे को मालूम नहीं."

हसा. काकांना आवडलं असतं.

काकांचं काम कंपनीत तिसऱ्या मजल्यावर, रसायनांच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बघायचं. लोखंडी जिना. चार पायऱ्या श्वास आत, चार पायऱ्या बाहेर. दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "वर गेलो का श्वास आखडतो. सडक्या अंड्यासारखा वास. तू म्हंतेस श्वासाकडं बघ. पण श्वासातच वास हाय गो. करायचं काय?"

श्वासात वास. मला तो शब्दांचा खेळ वाटला. मी हसले. म्हणाले, "वास आला तर आला. चांगला-वाईट ठरवू नका. नुसतं बघा."

नुसतं बघा. हे माझे शब्द.

काका नुसतं बघत राहिले. दारामागच्या कॅलेंडरवर खुणा करू लागले. वास आला त्या दिवशी एक गोल. श्वास आखडला तर गोलात टिंब. शाळेतल्या मुलाने वही दाखवावी तसं ते कॅलेंडर मला दाखवायचे. मला त्यात त्यांचा सराव दिसायचा. पानं उलटत गेली तसे गोल दाट होत गेले, हे मला दिसलं नाही.

मग ते म्हणाले, "आज वर गेलो. पयले वास आला, मी बघत राहिलो. आणि मग वास आलाच नाय. एकदम गेला. डोकं हलकं झालं."

"छान, काका. मन शांत झालं की असं होतं."

मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे. आमच्या घरातली पहिली. त्याच कंपनीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा काकांनी पेढे वाटले होते. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि खरा धोका तेव्हाच असतो. हे मी परीक्षेत लिहिलंय. पूर्ण गुण मिळाले होते.

आठवड्याने काका वरच्या जिन्याच्या तोंडाशी पडलेले सापडले.

मृत्यूच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. वायूच होता, असंही मी ठामपणे सांगू शकत नाही. पण हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. का पडलं, हे कुणी तपासलं? दुसऱ्या दिवशी तिसरा मजला पाणी मारून धुतला आणि पुढची पाळी चढली.

मी श्वासाला दोष देत नाही. श्वासाने काकांना रोज सांगितलं. काकांनी मला रोज सांगितलं. ऐकायला मी होते. म्हणून 'नुसतं बघा' हे शब्द मी आज परत घेते. राग आला तर बघा. वास आला तर खाली उतरा. आधी उतरा.

रमेशदादा समोर बसलेत. काकांच्या जागेवर आता त्यांची ड्यूटी लागली आहे. गुरुवारी ते मला बसमध्ये म्हणाले, "ताई, पयल्यांदा लय वास यायचा. आता नाय येत. सवय झाली."

सवय.

मी घरी न जाता थेट काकींकडे गेले. काकींनी कॅलेंडर उतरवून दिलं. म्हणाल्या, "ने. पण सैपाकाच्या गॅसची टाकी लावल्याची तारीख हाय त्याच्यावर, ती लिवून ठेव मला." तक्रार करणार म्हटल्यावर माझी आई म्हणाली, "नाव नको टाकूस गो. धा जणांच्या सह्या घे, त्यात तुझी दिसायची नाय." आई, तू रागावू नकोस. तिथे बसून तू माझ्याकडे बघत नाहीयेस, ते मला दिसतंय.

आता काकांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. डोळे मिटा. मुद्दाम खोल श्वास घेऊ नका, येतो तसा येऊ द्या. खिडक्या उघड्या आहेत आणि वारा आज कंपन्यांच्या बाजूने आहे. कुणाला वास आला तर हात वर करा. आणि येता येता वास अचानक गेला, तर बोला. मौन मोडलं तरी चालेल. काका समजून घेतील.

रमेशदादा, उद्या वर चढू नका. कारण विचारलं तर माझं नाव सांगा. मागे बसलेल्या कंपनीच्या साहेबांनाही ते लवकरच कळेल. शुक्रवारी मी लॅबचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून पालघरला कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात गेले. रमेशदादा, तुमचं वास न येणारं नाक, काकांचं कॅलेंडर, माझं 'छान', सगळं तक्रारीत लिहिलं. खाली एकच सही आहे. पोच माझ्या पिशवीत आहे.