डावा कान

२००७ साली देवळीच्या बसस्टँडवर मी पुस्तक उघडून बसलो होतो. मागच्या बाकावर दोन मैत्रिणी एकमेकींना भेटल्या. दुसऱ्यांचं ऐकू नये हे कळतं, तरी पान उलटलं नाही.

"अंजू! कॉलेजनंतर आज दिसून राह्यली. माहेरी आलती काय?"

"हो वं मयुरी. आता वर्ध्याहून पुण्याची रेल्वे आहे. तू अजून ते रॉक ऐकते काय?"

"ऐकतो न! लगन होऊन अल्लीपूरले गेली, तं भांडे घासता घासता टेपवर ऐके. पोरगी पोटात लाथा मारे, तं सासूबाई म्हणे, तुह्या गाण्यानंच बिघडली."

"मी पुण्यात हेडफोन घेतला. पहिल्यांदा दोन्ही कानानं ऐकलं अन् दचकलीच. डावीकडं गिटार वाजत होती."

"मंग? ते तं पह्यलेपासूनच होती."

"मले कुठं माहीत? कॉलेजच्या बसमध्ये एकच वॉकमन. डावा कान नेहमी तुह्या, उजवा माह्या. मी नुसते ड्रमच ऐकले."

"आता ऐकते न पूर्ण?"

"नाई. डावा काढून ठेवतो."

"काऊन?"

"तो तुह्या आहे."

"पागल झाली काय तू! इतके वर्षं गिटार वाया घातली?"

मागून हुंदका ऐकू आला.

"अंजू, रडू नोको. लोक पाहून राह्यले. अन् थे पाह्य, वर्ध्याची गाडी लागली. ऊठ, रेल्वे चुकन."

"मोबाईलमध्ये आहे गाणं."

"आण मंग. सरक तिकडं."

कंडक्टरनं घंटी दिली. मागून कुणी उठलं नाही. बस गेली.

माझीही तीच होती.