सध्या ऊन फार आहे

नाही नाही, एका दिवसात नाही होत ते — सगळे असंच म्हणतात, नकाशावर बोट ठेवतात, हे इथून इथे, दोन बोटं, म्हणजे जेवून निघालो की चहाला पोचलो — अहो दादा, तो अख्खा देश आहे, आपली कॉलनी नाही. त्या दोन बोटांत सबंध दिवस जातो आणि वाटेत सावलीला एक झाड दिसेल तर शपथ. बसा, पंखा तुमच्याकडे फिरवते. इतकी वर्षं या टेबलामागे बसून मी लोकांच्या सहली आखतेय, आता झोपेतही हेच बडबडत असेन — टोप्या घ्या, रुंद काठाच्या, कानावर सावली पडेल अशा, फोटोपुरत्या नकोत. पाणी डिकीत नको, हाताशी. टाकी अर्धी झाली की भरायची, पुढचा पंप येईलच असं धरून चालायचं नाही. आणि दिवस मावळला की गाडी बाजूला, तेव्हा जनावरं रस्त्यावर येतात — हॉर्नला कसली घाबरतात, दिव्याकडे बघत उभी राहतात. वहिनींना सांगा, सुती आणि पूर्ण बाह्यांचं. त्या ऐकणार नाहीत म्हणा, कोणीच ऐकत नाही, मग दोन दिवसांत खांदे सोलून निघतात.

कुठलं? हां, ते गाव. बघण्यासारखं ना — तसं काही नाही. शांत आहे. एक पेट्रोल पंप, त्याच्या मागे भाड्याच्या चार खोल्या, स्वच्छ आहेत. मुक्कामाला सोयीचं पडतं, म्हणून — हो, हायवे सोडून आत जावं लागतं. बरंच आत. तुम्ही मोजून बघितलंत? अहो, कोणी बघत नाही हो मोजून. मी आखून देते त्यावर लोक डोळे मिटून जातात आणि परत आले की सगळ्यांचं तेच — समुद्र छान होता, ते मधलं गाव काही कळलं नाही. मी म्हणते, असं का, आणि मग हळूच विचारते, पंपावर कोण होतं?

असं बघू नका. माझा मुलगा आहे तो. पंप त्याचा, खोल्या त्याच्या. भांडण? छे, भांडण असतं तर बरं झालं असतं, मिटवता तरी आलं असतं. दर रविवारी फोन येतो, सगळं ठीक आहे म्हणतो, जेवलीस का विचारतो. येते रे एकदा म्हटलं की — सध्या नको आई, ऊन फार आहे. थंडीत विचारलं, तरी ऊन फार आहे. मला सांगतोय! तिथे कुठल्या महिन्यात जावं हे सगळ्या जगाला मी सांगते आणि माझाच महिना मला सापडत नाही. तिकीट काय, आत्ता बसल्या बसल्या काढेन — पण बोलावल्याशिवाय पोराच्या दारात बॅग घेऊन उभं राहायचं आणि त्याचा चेहरा पडलेला बघायचा, ते नाही जमत मला. कंटाळले हो मी त्या उन्हाला.

म्हणून तुम्ही लोक. एकांनी सांगितलं, बारीक झालाय. एक बाई म्हणाल्या, हसतो छान, कुणासारखा तरी हसतो पण आठवत नाही — मी आपली खाली मान घालून स्टेपलर शोधत बसले. आणि मागच्या सुट्टीत एका मास्तरांनी फोटो दाखवले, तर खोल्यांपुढच्या व्हरांड्यात सायकल. लाल, बारकी, मागे आधाराची दोन चाकं लावलेली, सीट अगदी खाली टेकलेली. म्हणाले, पाहुण्यांची असेल. पाहुणे सायकल घेऊन विमानात बसतात होय? एवढंसं पोर असणार. नातू की नात, कोणास ठाऊक. फोनवर कसं विचारू? तुझ्यावर नजर ठेवायला माणसं पाठवते असं सांगू? रविवारचा फोनही जाईल मग.

तुमचं बरोबर आहे. सुट्टी तुमची, पैसे तुमचे, माझ्या घरच्या भानगडीत तुमचा दिवस का जावा. हे बघा, खोडलं. सरळ हायवेने जा, वाटेत मोठं शहर आहे, मुलांना पोहायला मिळेल. झालं — काय? नाही, उगाच माझ्या तोंडाकडे बघून नको हं. वहिनी काय म्हणतील? एकच रात्र? नक्की ना?

मग ऐका. कोणी पाठवलं ते सांगू नका. मुलाबाळांचं विचारू नका. फोटोही नको. सकाळी गाडी काढताना व्हरांड्यात नुसती नजर टाका — सायकलीची सीट वर केलीय का, आणि ती मागची बारकी चाकं अजून आहेत की काढलीत. काढली असतील तर — तर मला इथे येऊन सांगा, फोनवर नको.

उठा आता, बाहेर लोक थांबलेत. आणि टोप्या विसरू नका — ऊन खरंच फार असतं तिथे.