गरम इंजिन

माझी पहिली मोटरसायकल हातची जाता जाता कशी राहिली, ते ऐका. ऐंशीच्या आसपासची गोष्ट आहे. तुमसरला एका राईस मिलवाल्याचा मुलगा आपली जुनी रेसिंगची गाडी विकत होता. मी माझ्या गावाहून, बपेऱ्याहून, एसटीनं गेलो. गाडी पारखायला तुमसरातच राहणाऱ्या चुलतभावाला, वसंताला, आधीच तिथं बोलावून ठेवलं होतं.

वसंता गाडीभोवती फिरला. "चेन ढिली आहे. सायलेन्सर सडून राहिला. अन् हे पाह्य, इंजिन गरम आहे. तू यायच्या आधीच यानं चालू करून ठेवली. थंडी गाडी उठतच नसन. सोड, बाबू."

माझं मन खट्टू झालं. मी मालकाला विचारलं, "काहून जी, गाडी आधीच गरम करून ठेवली?"

तो शांतपणे म्हणाला, "मी नाही केली. तुमचे भाऊच आताच तुमसर रोड स्टेशनापर्यंत फिरवून आले. मलेच द्या म्हणत होते. मी त्यायले म्हटलं, शब्द तुमाले देऊन ठेवला आहे."

वसंता वाकून चेन चाचपू लागला. मालकानं चहा दिला. इंजिन थंड होईस्तोवर आम्ही थांबलो. मग मी किक मारली आणि गाडी पहिल्याच किकला उठली.

गाडी घेतली. वसंताला मागं बसवून त्याच्या घरी सोडलं. उतरल्यावर सीटवरून हात फिरवत म्हणाला, "विकशील तवा पहिले मले सांगजो. असला खटारा बाहेरच्याले देऊन घराण्याचं नाव कायले खराब करतं?"