लोर्नाचं ‘नाइस’

लोर्ना आठवते ना तुम्हाला? सिंगापूरला आमच्याकडे घरकाम करायची, ती फिलिपिनो बाई. २००६ मध्ये तिच्या वाढदिवसाला माझी बायको सुनंदा मला म्हणाली, "आठ वर्षं ती माझ्या हातची आमटी खातेय. एक दिवस आपण तिच्याकडचं जेवू." म्हणून आम्ही तिघं तांजोंग पगारच्या एका नव्या फिलिपिनो रेस्टॉरंटात गेलो. वाइन बार वगैरे असलेलं.

लोर्नाने अडोबो मागवला. म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं चिकन. भल्यामोठ्या पांढऱ्या बशीत दोन तुकडे आले आणि त्यांच्यावर सजावटीला फेस. लोर्नाने घास घेतला.

"कसं आहे गं?" सुनंदाने तिला इंग्रजीत विचारलं.

"नाइस, मॅम." लोर्ना गोड हसली.

सुनंदा खूश. मला म्हणाली, "बघा, माझ्या आमटीलासुद्धा रोज अगदी अस्संच म्हणते."

तेवढ्यात शेफ टेबलापाशी आला. तोही फिलिपिनो. त्याने तिला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, आणि लोर्ना जी सुटली! तिने बोटाने फेस बाजूला सारला, तुकडा उलटा करून दाखवला, कपाळावर हात मारला. शेफ मान खाली घालून ऐकत राहिला, शेवटी "सॉरी" म्हणाला आणि बशी उचलून आत गेला.

लोर्ना आमच्याकडे वळून पुन्हा तसंच गोड हसली. "व्हेरी नाइस, मॅम."

परतताना एमआरटीच्या गाडीत सुनंदा माझ्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "अहो, त्या शेफला एकदा घरी जेवायला बोलवू या. माझ्या आमटीबद्दल तोच विचारेल तिला."